पाच महिन्यांपुरती

आई जाऊन दोन महिने झाले तेव्हा तिनं वरिष्ठांना सांगून टाकलं, की आपल्या दवाखान्याच्या किनाऱ्यावरच्या शाखेत पाच महिने बदलीवर जायला मी तयार आहे. ती कान तपासायची. माणसाला बंद खोलीत बसवायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचे आणि सांगायचं, "बारीकसा जरी आवाज आला तरी बटण दाबा." एकवीस वर्षं ती हेच वाक्य म्हणत होती. तिकडची मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली होती आणि त्या आडबाजूच्या गावात जायला दुसरं कुणी राजी नव्हतं.

सामान गाडीत ठेवायला धाकटा भाऊ आला. सामान ते काय, दोन बॅगा, एक गादी आणि कान तपासायची पेटी.

"ताई, हौसेनं चाललीयस ना? मागाहून म्हणशील, आईनं डोळे मिटले आणि भावानं घराबाहेर काढलं."

"हौसेनं नाही आणि रुसूनही नाही. जाऊन बघते."

"मग आतल्या हायवेनं तरी जा. चार तासांत पोचशील. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे नुसती वळणं."

"मला कुठं घाई आहे?" ती म्हणाली. अकरा वर्षांत हे वाक्य आपल्या तोंडून निघालं नव्हतं, हे तिला बोलल्यावर जाणवलं.

अकरा वर्षांपूर्वी आईची एक बाजू लुळी पडली. तेव्हापासून दोन तासांत परत येता येणार नाही अशा कुठल्याही ठिकाणी ती गेली नव्हती. मध्ये एकदा लग्नाचं जमत आलं होतं. ते कुणी मोडलं नाही. भिजत घातलेलं घोंगडं तसंच वाळून गेलं.

पहिला तासभर गोदामं आणि पेट्रोलपंपच होते. मग चढ संपला, रस्ता एकदम डावीकडे वळला आणि खाली समुद्र आला. काठाशी हिरवा, पुढे निळा, आणि त्याच्याही पुढे आभाळ कुठं सुरू होतं ते कळू नये असा. कड्याच्या पोटातून कोरून काढलेल्या रस्त्यावर एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढा कठडा. खाली लाटा खडकांवर आपटून पांढऱ्या होत होत्या.

"अगं बाई!" ती मोठ्यानं म्हणाली, आणि शेजारच्या सीटकडे वळली. तिथं पाण्याची बाटली होती.

वळणावळणावर लोक गाड्या थांबवून एकमेकांचे फोटो काढत होते. एका जोडप्यानं तिला हात केला. तिनं त्यांचे चार फोटो काढून दिले. "तुमचा काढू?" बाईंनी विचारलं. "नको, केस विस्कटलेत," ती म्हणाली.

अकराला तिनं गाडी कडेला घेतली आणि सवयीनं फोन लावला. रोज अकराला ती आईला सांभाळणाऱ्या बाईला विचारायची, औषध दिलं का, कूस बदलली का. घंटी वाजायला लागल्यावर ती भानावर आली, पण तोवर पलीकडून आवाज आला होता.

"ताई? काय झालं हो?"

"काही नाही. चुकून लागला."

"बऱ्या आहात ना? इथल्या आजोबांना भरवतेय, घास तोंडात आहे. मग बोलू?"

"हो हो, भरवा."

फोन ठेवून तिनं गाडी रस्त्यावर आणायला जरा मागे घेतली. लक्ष ठिकाणावर नव्हतं. मागचं चाक डांबर सोडून वाळूत उतरलं आणि जसजसा जोर दिला तसतसं रुतत गेलं. पुढं रस्त्याचं काम चाललं होतं. तिथला रोलरवाला खाली उतरून आला. पन्नाशी उलटलेला, उन्हानं रापलेला माणूस.

"थांबा! आणखी जोर देऊ नका!" तो असा ओरडला की कठड्यावरचे पक्षी उडाले.

त्यानं दोर बांधला आणि रोलरनं गाडी अलगद वर ओढून घेतली. तिनं आभार मानले. "किती वाजले? सव्वाअकरा!" तो म्हणाला. तिनं पुन्हा आभार मानले. या वेळी त्याचे डोळे तिच्या ओठांवर होते. तिच्या लक्षात आलं.

"ऐकायला किती दिवस कमी येतंय?" तिनं सावकाश विचारलं.

"मला? छे! बायको पुटपुटते, त्याला मी काय करू?"

तिनं पेटीतून कान बघायची बॅटरी काढली आणि त्याला कठड्यावर बसवलं. समुद्राकडे पाठ करून तो शहाण्यासारखा बसला. एका कानात मळाचा बोळा होता. दुसरा साफ होता, म्हणजे दुखणं आत होतं. तिनं थेंबांचं नाव कागदावर लिहून दिलं. "गुरुवारी पुढच्या गावातल्या कानाच्या दवाखान्यात या, मी तिथंच असेन. आणि बायकोला घेऊन या."

"तिला कशाला? तिला सगळं ऐकू येतं. नको तेवढं!"

गावात पोचेपर्यंत ऊन कललं होतं. घर म्हणजे एका जुन्या घराची मागची खोली. मधल्या भिंतीपलीकडे घरमालकीण राहायची. तिनं किल्ली दिली, नळ उलटा फिरतो एवढं सांगितलं आणि गेली. खिडकीतून समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू यायचा. तिनं भावाला 'पोचले' असं कळवलं. त्यानं अंगठा पाठवला. गादी पसरून ती तिच्यावर बसून राहिली. कुणाला वळवायचं नव्हतं, कुणाला पुसायचं नव्हतं. हातांचं काय करावं हेच तिला कळेना.

गुरुवारी रोलरवाला बायकोला घेऊन आला. कानातला बोळा निघाला, तपासणी झाली. वर्षानुवर्षांच्या इंजिनाच्या आवाजानं दोन्ही कान बरेच गेले होते. तिनं चाचणीपुरतं ऐकू यायचं मशीन त्याच्या कानात बसवलं.

"आता बोला," ती बायकोला म्हणाली.

"काय बोलू? बारा वर्षांचं साठलंय, कुठून सुरू करू?"

"ओरडतेस कशाला?" रोलरवाला म्हणाला. आणि हे तो इतक्या हळू, इतक्या मऊ आवाजात म्हणाला की बायको बघतच राहिली. मग तिनं पदर डोळ्यांना लावला.

"असाच बोलायचा हा," ती म्हणाली. "लग्न झालं तेव्हा. मी विसरूनच गेले होते."

ती दोघं जिना उतरून गेली. बराच वेळ त्यांचं बोलणं वर येत राहिलं.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर ती आईचा आवाज आठवायला बसली. शेवटच्या वर्षांतला जड, ओढत येणारा आवाज लगेच आठवला. पण त्याच्या आधीचा, धडधाकट आईचा? "जगाचे कान दुरुस्त करतेस आणि आईचं ऐकत नाहीस," हे शब्द आठवले. आवाज आला नाही. तिनं डोळे मिटून पाहिलं, स्वतः म्हणून पाहिलं. नाहीच. मग तिला रडू फुटलं. आई गेली त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती.

भिंतीवर टकटक झाली. "काही पडलं का हो तिकडं?"

"नाही," ती म्हणाली. "मी रडतेय."

घरमालकीण पलीकडून म्हणाली, "बरं. झालं की या. दार उघडंच असतं."

ती गेली नाही. तोंड धुतलं, भूक लागली होती म्हणून दोन अंडी उकडायला ठेवली आणि उभ्या उभ्या खाल्ली. गेली ती चौथ्या दिवशी. फारसं बोलायला सुचलं नाही, पण तासभर बसली.