कावळ्याची हाक आणि आर्थर

नॉटिंगहॅमचे कावळे माजलेत, हे अरुणाताईंचं मत जूनमध्ये आल्या आल्याच झालं होतं. नागपूरला गच्चीवर पान ठेवून पाठ वळवायचा अवकाश, वडा गायब. इथे पॅटिओवर पेपर प्लेट ठेवून दोन तास झाले, तरी एका खारीखेरीज कोणी फिरकलं नव्हतं.

पितृपक्षातली षष्ठी होती, म्हणजे त्यांच्या दिवंगत यजमानांची तिथी. मुलगा मिलिंद हॉस्पिटलात ड्यूटीवर होता, पण सूनबाई नीनाने, तीही डॉक्टरच, खास शिफ्ट बदलून घेतली होती. सासूसुनेने मिळून खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं साग्रसंगीत केलं होतं. आता कावळा शिवेपर्यंत दोघी उपाशी.

"आई, दोन वाजले. तुमच्या बीपीच्या गोळ्या आहेत," नीना म्हणाली.

"हे जेवल्याशिवाय मी कधी जेवले का?" अरुणाताई म्हणाल्या. तेवढ्यात त्यांना कुंपणापलीकडे चार कावळे दिसले. शेजारच्या ब्रायनच्या अंगणात आर्थरचे दाणे टिपत बसले होते.

आर्थर म्हणजे ब्रायनचा टर्की. ब्रायनची बायको जीन हिने त्याला ख्रिसमसच्या ताटातून वाचवून हाताने वाढवला होता. ती जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून आर्थरची बडदास्त जावयासारखी. आज ब्रायन मुलीकडे लेस्टरला गेला होता. चारला येतो म्हणाला होता आणि जाताना आर्थरला अरुणाताईंच्या स्वाधीन करून गेला होता. कुंपणावरून रोज गप्पा मारून त्याने एवढं ओळखलं होतं, की ही बाई दिलेला शब्द पाळते.

तेव्हा दोन्ही हातांत प्लेट धरून अरुणाताई गेल्या, त्याच्या अंगणाचं मागचं फाटक कोपराने ढकललं, प्लेट ठेवली, नमस्कार केला आणि रिवाजाप्रमाणे मागे न बघता परत आल्या. माणूस उभा असला की कावळा बुजतो. फाटक लावायला मागे वळावं लागतं, आणि त्या वळल्या नाहीत.

दहा मिनिटांनी पडद्याआडून डोकावल्या, तर प्लेट जशीच्या तशी होती, कावळे उडालेले, फाटक सताड उघडं आणि आर्थरचा पत्ता नाही.

अरुणाताईंच्या तोंडचं पाणी पळालं. अंगणामागे लगेच झाडी सुरू होत होती आणि त्या झाडीत कोल्हे होते. गेल्याच आठवड्यात एक कोल्हा भरदिवसा कचऱ्याचा बिन हुंगताना त्यांनी पाहिला होता. जीनची एवढी एकच जिती आठवण त्या माणसाजवळ उरली होती, आणि ती आपण घालवली.

दोघी झाडीत शिरल्या. नीनाने "आर्थर, कम ऑन, आर्थर" सुरू केलं. अरुणाताईंनी "ये ये ये" करून पाहिलं, दाण्यांचा डबा वाजवला. एवढा थोरला पक्षी, पण नेचे आणि ब्रॅम्बलची काटेरी झुडपं इतकी माजली होती की हत्तीसुद्धा सापडला नसता. पावणेतीन झाले.

"आई, आपण आरएसपीसीएला, त्या प्राणी वाचवणाऱ्या संस्थेला, फोन करू या का? दे मस्ट हॅव सम प्रोसीजर," नीना म्हणाली.

"थांब. ब्रायन काय सांगून राहिला होता त्या दिवशी?"

ब्रायनने सांगितलं होतं ते असं. त्याचा मेहुणा अमेरिकेत रानटर्कीची शिकार करतो. ते लोक टर्कीला शोधत हिंडत नाहीत. दिवसा कावळ्यासारखं ओरडतात, संध्याकाळी घुबडासारखं. नराला ते सहन होत नाही. कुठेही दडलेला असो, उलट ओरडल्याशिवाय राहवत नाही, आणि मग कळतं स्वारी कुठे आहे. मेहुण्याने त्यासाठी एक लाकडी शिट्टीही पाठवली होती. पण आर्थर त्या शिट्टीला भीक घालत नसे. जीन किचनच्या खिडकीतून नुसत्या गळ्याने ओरडायची, तिला मात्र उत्तर द्यायचा. ती गेल्यापासून तो गप्पच होता.

"शिट्टी कशाला हवी? चाळीस वर्षं दर पितृपक्षात कावळे बोलावलेत मी," अरुणाताई म्हणाल्या आणि त्यांनी पदर खोचला.

"आई, इथे? लोक वॉक करतात इथे."

तोंडाभोवती हात धरून अरुणाताईंनी पोटातून हाक दिली, "काव! काव! काव!" एक म्हातारा कुत्र्याला घेऊन चालला होता, त्याने कुत्र्यासकट मार्ग बदलला. झाडी गप्प.

पुन्हा हाक दिली. पुन्हा काही नाही. "ब्रायनला मी काय तोंड दाखवू गं?" अरुणाताई म्हणाल्या, आणि सगळा जीव एकवटून तिसऱ्यांदा ओरडल्या.

डावीकडच्या नेच्यांतून रागारागाने खुळखुळाट आला, भरल्या हंड्यात कोणी तांब्या बुडवावा तसा.

"ओ माय गॉड," नीना म्हणाली. अरुणाताई तोवर निम्म्या वाटेवर पोचल्या होत्या. आर्थर एका पडलेल्या ओंडक्यावर पिसं फुलवून बसला होता. दिसत नसलेल्या कावळ्यावर तो चांगलाच खवळला होता. पुढे डबा वाजवत अरुणाताई, मागे ऐटीत आर्थर आणि शेवटी हात पसरून नीना, अशी वरात घरी आली.

अंगणात ब्रायन उभा होता. तो लवकर आला होता. गाडीचं दार उघडंच होतं.

अरुणाताईंनी आधी फाटकाची कडी लावली आणि मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं कबूल केलं. चूक माझी, फाटक मी उघडं ठेवलं. ब्रायनने ते ऐकलं की नाही कोण जाणे.

"त्याने ओ दिली," तो म्हणाला. "मी इथून ऐकलं." मग त्याने चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत होता.

इकडे आर्थर सरळ पेपर प्लेटपाशी गेला होता. वडा त्याने एका झटक्यात संपवला आणि चोच खिरीत घातली. हे काय ठेवलंय, असं ब्रायनने विचारलं. नीनाने सांगितलं, आज आईंच्या नवऱ्याच्या नावाने जेवण असतं, ते कावळ्याने खायला हवं.

ब्रायनने प्लेटकडे पाहिलं, मग अरुणाताईंकडे. अगदी गंभीरपणे त्याने विचारलं, "आर्थर चालेल का?"

नीनाने श्वास रोखून सासूकडे पाहिलं. अरुणाताई आर्थरच्या चोचीवर लोंबणाऱ्या, खिरीने माखलेल्या त्या लाल तुऱ्याकडे बघत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि हसूही येत होतं.

"चालेल म्हणून सांग त्याला," त्या नीनाला म्हणाल्या. "हेसुद्धा तिसऱ्या हाकेलाच जेवायला यायचे. चल, पानं घे आता."