हडळीनं तापवलेलं पाणी

जानकाबाईचा रिपोर्ट आला, त्याच दिवशी आळेफाट्यावर हडळीचा बोर्ड लागला.

मे महिना होता. डॉक्टरांनी हनुमंताला एकट्याला आत बोलावलं, पोटातली गाठ आता काढण्याच्या पलीकडे गेली आहे असं सांगितलं आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. हनुमंतानं तो घेतला नाही. बाहेर बाकावर जानकाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तो दिसताच ती उठली आणि चालायला लागली. फाट्यावर दोघं एसटीची वाट बघत उभे राहिले तेव्हा तीच बोलली.

"अवं, वर बघा की. तुमची हडळ परत आली."

हनुमंतानं मान वर केली. 'हडळ आली माहेरी', नव्या रूपात, नव्या नटांसह. लवकरच.

"किती दिस म्हनला डाक्टर?" तिनं बोर्डाकडे बघतच विचारलं.

तिच्याशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "दिवाळीपत्तूर," तो म्हणाला.

"मंग पिक्चर कवा लागतोय ते इचारा कुनाला तरी," ती म्हणाली आणि हसली. तिच्यासोबत तोही हसला. मग एसटी आली.

हनुमंत आळ्याचा. तरणेपणी तो तंबूतल्या टॉकीजवर ऑपरेटर होता. दिवाळी झाली की तंबू निघायचा, जुन्नर-आंबेगावच्या सगळ्या यात्रा करत पार जूनपर्यंत बाहेर. त्या काळात हडळीचे तीन भाग आले आणि तिन्ही असे चालले की बस. सासरी विहिरीत पडून मेलेली सून हडळ होते, पण सासरच्यांना धरायचं सोडून सरळ माहेरी येते आणि तिथं सगळ्यांची भंबेरी उडवते. तिला उतरवायला आलेला मांत्रिक मांजराला भितो. मांत्रिकाच्या धोतराला आग लागली की बायांच्या बाजूनं असा हशा उठायचा की तंबूचं कापड हलायचं.

पण हनुमंतानं स्वतः तो पिक्चर कधी धड बघितला नव्हता. त्याची जागा ट्रकमध्ये, मशीनच्या मागं. समोर हाताच्या पंजाएवढं भोक. कार्बनच्या कांड्या जळून आखूड व्हायच्या, त्या सारख्या जुळवाव्या लागायच्या, नाहीतर पडद्यावर अंधार आणि अंधार झाला की शिव्या. तो उजेड बघायचा, चित्र नाही.

पिक्चर त्याला कळला तो जानकाबाईच्या तोंडून. पावसाळ्यात तंबू बंद असायचा, तेव्हा तो घरी. बाया खुरपायला बसल्या की जानकाबाई हडळ सांगायला घ्यायची. आवाज काढून, हातवारे करून, खुरपं मांत्रिकाच्या चिमट्यासारखं वाजवून. हनुमंत पाण्याची कळशी घेऊन जायचा आणि बांधावर तिथंच रेंगाळायचा. त्याला सगळ्यांत आवडायचं ते पाण्याचं.

हडळ पहाटे माळ्यावरून उतरते. म्हाताऱ्या आईला थंडी बाधते म्हणून चूल पेटवते, अंघोळीचं पाणी तापवून ठेवते. आई उठते, पाण्यात बोट घालते आणि म्हणते, "आज कुनी तापवलं गं?" वर माळ्यावर हडळ तोंडात पदर कोंबून बसलेली. रोज पाणी, रोज तोच प्रश्न. मग एक दिवस आई विचारायचं सोडून देते. अंघोळ झाल्यावर फक्त दोन तांबे पाणी मागं ठेवते.

इथं खुरपी थांबायची. एखादी बाई नाक पुसायची. मग जानकाबाई एकदम, "आन तेवड्यात मांत्रिकाचं धोतार चुलीत!" आणि सगळ्या वावरभर हशा.

दुखणं वाढलं तसं तिचं बोलणं कमी झालं. ऑक्टोबरात एका दुपारी तिनं त्याला जवळ बोलावलं.

"पिक्चर लांबला म्हनत्यात. जानेवारीत येतोय."

"जाऊ की."

"तुमी जा. मी काय ऱ्हात न्हाई. आन नव्यात ते पान्याचं घेतलंय का, तेवडं येऊन मला सांगा." एवढं बोलून तिनं तोंड वेडंवाकडं केलं. त्याला वाटलं कळ आली. त्यानं गोळी काढून दिली. धम्मचक्र दिनानंतर चौथ्या दिवशी ती गेली.

जानेवारीत लेक यशोधरा त्याला चाकणला घेऊन गेली. तिचं घर तिथंच होतं. मॉलमधलं थेटर, खुर्च्या गादीसारख्या, माणसं वीसेक. हनुमंत कडक इस्त्रीचा सदरा घालून ताठ बसला होता.

नव्या हडळीला धुराची शेपटी होती. तिनं मध्यांतराच्या आत सात माणसं मारली. विनोद करायला शहरातली दोन पोरं होती, ती पोटातल्या वाऱ्यावर बोलायची आणि आपणच हसायची. मांत्रिकाच्या जागी लॅपटॉपवाला. मांजर नव्हतं. आई तर नव्हतीच, भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो होता. पुढच्या रांगेतली माणसं मोबाईल बघत बसली होती. हनुमंत तसाच थांबला. पाण्याचं शेवटी असेल, शेवटासाठी राखून ठेवलं असेल, असं त्याला वाटलं. मग नावांच्या पाट्या पळायला लागल्या आणि दिवे लागले.

तो उठला तो सरळ मशीनची खोली शोधत निघाला. बाहेर टाय घातलेल्या मॅनेजरला त्यानं गाठलं.

"रीळ कापलंय तुमी."

"बाबा, आता रीळ नसतं. सगळं कॉम्प्युटरवर येतं."

"मला नका शिकवू. यात्रेत शेवटच्या खेळाला मी सोता दोन-दोन रिळं खाल्ल्यात. लोकांस्नी घरी जायची घाई, आपल्याला झोपायची घाई. पन मी धोतराचं कापलं, पान्याचं कवाच कापलं न्हाई! पान्याचं रीळ कुठंय?"

"कसलं पाणी, बाबा?"

"हडळ आयला पानी तापवून देती ते!" हनुमंताचा आवाज चढला. लोक वळून बघायला लागले. यशोधरानं त्याचा दंड धरला.

"आण्णा, चला घरी. जुना पिक्चर मोबाईलवर आहे, तुम्हाला दाखवते."

तिच्या स्वयंपाकघरात बसून दोन दिवसांत त्यानं तिन्ही भाग बघितले. जन्मात पहिल्यांदा पहिल्यापासून शेवटपर्यंत. विहीर होती, मांजर होतं, धोतर होतं. आई होती, पण तिला दोनच वाक्यं. माळा नव्हता. चूल होती ती फक्त धोतरापुरती. तिसरा भाग संपला तेव्हा त्यानं विचारलं, "ह्येच्यातनं कुनी काडलं का काय?"

"कुणी काही काढलेलं नाही, आण्णा," यशोधरा म्हणाली आणि भाकरी थापायला वळली.

फेब्रुवारीत कांदा खुरपायला आला. ठकूबाई आपल्या टोळीतल्या बाया घेऊन आली. पंचवीस वर्षं ती जानकाबाईच्या शेजारची पात धरायची. आता मधली पात मोकळी होती, ती कुणी धरेना.

"भाऊ, बघून आला म्हनं हडळ. सांगा की."

"काय नाय त्यात."

"नाय कसं? जानका तर नुसत्या बोर्डावरनं दोन तास सांगायची."

बाया हसल्या. हनुमंतानं कळशी खाली ठेवली.

"ठकूबाई, पान्याचं नव्यात नाय. जुन्यात बी नाय."

खुरपी थांबली.

"नव्हतंच कवा," ठकूबाई म्हणाली.

"तुला ठावं व्हतं?"

"अवो, आमी तुमच्याच तंबूत बसून बघितलाय की पिक्चर. सगळ्या बायांना ठावं. तुमी एकलंच भोकाच्या मागं व्हता."

"मंग इतक्या वरसात कुनी बोललं का न्हाई?"

ठकूबाईनं खुरप्याची माती बोटानं काढली. "कशाला बोलायचं? तेवड्या येळात तिला तिची आय भेटायची."

हनुमंत बांधावर खाली बसला. जानकाबाईची आई पेठला वारली तेव्हा यशोधरा सहा दिवसांची होती आणि तंबू तिकडं भीमाशंकरच्या अंगाला होता. जानकाबाईला ओल्या अंगानं घेऊन जायला घरात कुणी नव्हतं. त्याला निरोप मिळाला आणि तो घरी पोचला तोवर आई जाऊन पाचवा दिवस उजाडला होता. ती तेव्हा रडली नव्हती. त्याला जेवायला वाढलं होतं. त्यानंतर तिनं कधी तो विषय काढला नाही, आणि यानंही काढला नाही. ऑक्टोबरातलं तिचं वेडंवाकडं तोंड त्याला आता आठवलं. कळ नव्हती ती. ती हसू दाबत होती.

"भाऊ," पलीकडच्या पातीवरून एक बाई म्हणाली, "तुमीच सांगा मंग. तुमालाच सगळं पाठ हाय."

"सांगा, सांगा," ठकूबाई म्हणाली. "मांत्रिकाचं आमी करतो, तुमी नुसतं पान्याचं सांगा."

त्यानं घसा खाकरला. हडळ माळ्यावरून उतरली. चूल पेटली. पाण्याला आधण आलं. आई उठली, तिनं पाण्यात बोट घातलं. आईनं काय विचारलं ते त्याला पाठ होतं, वावरातल्या सगळ्या बायांना पाठ होतं, पण ते तोंडातून निघेना.

"उद्या सांगतो," तो म्हणाला आणि रिकामी नसलेली कळशी भरायला निघून गेला.

खुरपणी तीन दिवस चालली. तिन्ही दिवस तो पाणी ठेवून लगेच माघारी फिरला. एप्रिलमध्ये कांदा काढायला त्याच बाया येतील. त्यांना पाण्याचं सांगायचं राहिलं आहे. आणि नव्या पिक्चरमध्ये ते घेतलेलं नाही, हे जानकाबाईला सांगायचं राहिलं आहे.