बावीस दगड

धायरीच्या टेकडीचं वळण घेतलं आणि दीपमालाला खालच्या गवतात काहीतरी पांढरंशुभ्र दिसलं. बगळे बसले असतील, असं तिला आधी वाटलं. सवयीने तिने मोजले. एकवीस. एकाही बगळ्याने मान हलवली नाही. तिने स्कूटर रस्त्याकडेला कशीबशी उभी केली आणि उतारावरून जवळजवळ धावतच ती खाली गेली.

दगडांना चुना लावला होता. चुन्यावर गेरूचा पट्टा. तेवढंच असतं तर धुता आलं असतं. पण दोन-अडीच हजार वर्षं गवतात कलंडून पडलेले दगड आता गोल रिंगणात कवायतीच्या पोरांसारखे ताठ उभे होते. प्रत्येकाच्या बुडाशी ताजी माती चोपलेली. मधल्या मोकळ्या जागेत सडा घालून रांगोळी काढलेली.

पाहणीसाठी पुरातत्त्व खात्याचे केतकर साहेब दहाला येणार होते. आता पावणेआठ झाले होते.

"आलात व्हय म्याडम?" शेजारच्या अंजिराच्या बागेतून सोजरबाई पदराला हात पुसत आल्या. "कसं झालंय आमचं रिंगण?"

बाग सोजरबाईंची. तिथले अंजीर आणि पेरू रोज पहाटे मंडईत जात. रिंगणाची जमीन मात्र त्यांच्या दिराच्या वाट्याची. ती त्याने बिल्डरला विकली होती, आणि सोमवारी तिथे जेसीबी लागणार होता. जागा प्राचीन आहे, तपासण्याजोगी आहे, एवढं केतकरांनी आज लिहिलं तर काम थांबणार होतं. नाही लिहिलं तर दोन दिवसांनी सगळं सपाट. आठ महिन्यांत अकरा अर्ज केल्यावर दीपमालाला ही एक पाहणी मिळाली होती. दुसरी मिळणार नव्हती.

"कुणी केलं हे?"

"आम्हीच की! एवढा मोठा साहेब येणार, आन् देव असा लोळत पडलेला दावायचा व्हय? काल चौदा माणसं लावली. माझ्या भैरूनं तालमीतली पोरं आणली."

"पण तुम्हीच म्हणाला होतात ना, आत कुणी पायसुद्धा ठेवत नाही?"

"ठेवतच न्हाई. म्हणून तर कौल लावला. थोरल्या दगडाला शेवंतीचं फूल चिकटवलं आन् इचारलं, देवा, उठवू का सगळ्यांना? फूल उजवीकडं पडलं. देवानंच व्हय म्हटलं, मग आमी कोन न्हाई म्हणणार?"

दीपमालाने डोळे मिटले. तिचं बालपण नागपूरकडे गेलेलं. तिकडे अशी शिळावर्तुळं शेकड्यांनी. इथे हे एक सापडल्यावर कोथरूडहून ती दर रविवारी येत होती. सोजरबाईंच्या घरी चहा पिताना तिने सगळं सांगितलं होतं. ही देवाची नव्हे, माणसांची थडगी असावीत, तीही फार जुनी. फक्त 'हात लावू नका' एवढं सांगितलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या जिथे कुणी पाऊल टाकलं नाही, तिथे ते सांगावं लागेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. मोजमापाचा नकाशाही तिने गवत वाळल्यावर, नाताळच्या सुट्टीत काढायचा ठरवला होता. फोटो होते, पण त्यांत गवतच जास्त.

"आजी, दगड पडला तिथेच असायला हवा होता. त्याच्याखालच्या मातीला तेव्हापासून ऊन लागलेलं नसतं. ती किती वर्षं अंधारात होती, ते प्रयोगशाळेत सांगता येतं. तुम्ही उचललात, आणि तिला ऊन लागलं."

सोजरबाई हळूच म्हणाल्या, "पुन्यांदा आडवं करू का? कोन कुठं हुता, मला पाठ हाय."

"नको. आता कशालाही हात लावू नका." तिची नजर मधल्या जागेकडे गेली. रांगोळीखालची जमीन हातभर खाली गेली होती. "इथली माती कुठे गेली?"

"अंजिरांना घातली. राखेवानी भुसभुशीत. खतच की."

दीपमाला बागेत धावली. एकेका झाडाच्या आळ्यात ती बोटांनी माती उकरू लागली. तिसऱ्या झाडाशी खापर लागलं, आतून काळं, बाहेरून लाल. मग आणखी. नऊ वाजेपर्यंत तिच्या रुमालात सोळा तुकडे जमले. जागच्या जागी असते तर त्यातला एकेक तुकडा साक्ष ठरला असता. इथे ती नुसती खापरं होती.

ती परत आली तेव्हा उत्तरेकडचा थोरला दगड तिला दिसला. वरून चुना फासलेला, पण आडवाच.

"त्यो काय केल्या हलला न्हाई," सोजरबाई ओशाळून म्हणाल्या. "भैरूची पहार वाकली."

दीपमाला गुडघ्यांवर बसली. दगडाच्या कडेला गवताची जुनी मुळं अजून घट्ट विणलेली होती. खालची माती शाबूत होती. बाविसातला एक.

केतकर दहा वाजून दहा मिनिटांनी आले. हातात फाइल, पायात स्वच्छ बूट. त्यांनी एक फेरी मारली. मग रांगोळीपाशी थांबले.

"वास्तुशांत आहे का? मी आहेर आणला नाही."

"चुना नवा आहे," दीपमाला म्हणाली. "दगड पूर्वीपासून असेच आहेत."

बोलून झाल्यावर तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. अठरा वर्षांच्या नोकरीत तिने दशांश चिन्हापुढचा आकडाही कधी बदलला नव्हता.

"असं?" केतकर म्हणाले.

अंजिरांची थाळी घेऊन आलेल्या सोजरबाईंना हे सहन झालं नाही. "असेच कसे? सगळे आडवे हुते, साहेब! काल दिवसभर चौदा माणसं लागली. इचारा की भैरूला!"

केतकर रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मॅडम, आपण भूशास्त्र शिकवता ना?"

मग दीपमालाने सगळं सांगितलं, भराभर, एकात एक. कौल, बागेत गेलेली माती, रुमालातली खापरं. शेवटी ती थोरल्या दगडाशी जाऊन उभी राहिली. "हा एक कुणी हलवलेला नाही. मुळं बघा. खालचा नमुना घ्यायला प्रयोगशाळेची माणसं आणावी लागतील, मला गुरुवारपर्यंत वेळ द्या. फक्त तीन दिवस काम थांबवा."

"पाच मिनिटांपूर्वी एकही दगड कुणी हलवलेला नव्हता."

"ते खोटं होतं. हे खरं आहे."

"असेलही." केतकर वाकले, मुळांकडे पाहिलं, सरळ झाले. "पण मी मातीतला तज्ज्ञ नाही, मॅडम. तज्ज्ञ तुम्ही. मी तुमच्या शब्दावर लिहिणार होतो. आल्या आल्या सांगितलं असतं, की एकवीस गेले, एक उरलाय, तर लिहिलं असतं."

"अहो, मी घाबरले होते."

"समजू शकतो," ते म्हणाले आणि गुडघ्यावर फाइल टेकवून लिहू लागले. तिला उलट्या बाजूने वाचता येत होतं. दगड अलीकडे मांडलेले. प्राचीनत्वाबाबत अभिप्राय देणे शक्य नाही. खाली सही, तारीख.

"अंजीर घ्या की साहेब."

त्यांनी दोन घेतले. "गोड आहेत हो," असं म्हणत बागेच्या कडेकडेने ते गाडीकडे गेले.

गाडी वळणाआड जाईपर्यंत सोजरबाई हात जोडून उभ्या होत्या. मग त्या जवळ आल्या. "काय लिवलं? वाचला न्हवं देव?"

"नाही."

त्यांनी थाळी खाली ठेवली. हातांवरचा चुना अजून निघालेला नव्हता. तो त्या नखाने खरवडत राहिल्या. "माझ्यामुळं व्हय?"

दीपमाला थोरल्या दगडाशी खाली बसली. मुळांतून वाट काढत तिने हात दगडाखाली कोपरापर्यंत सरकवला. आतली माती गार होती.

"माझ्यामुळे," ती म्हणाली, आणि हात तिने तसाच आत ठेवला.