माझ्यापुढे मेणबत्ती लावू नका

मी बोलतोय. जरा जवळ या, पण श्वास बेताने सोडा. माझ्याकडची पुस्तकं नखाएवढी आहेत. कुणी शिंकलं तर अख्खा माल उडून जाईल. मी पुस्तकांचं दुकान आहे, जेवणाच्या डब्याएवढं.

जन्माने मात्र मी फुलवाला. यंत्राने कापलेल्या प्लायवूडच्या पातळ पट्ट्या, तारेचे तुकडे, कागदी गुलाब, एक इवलासा दिवा आणि भिंगाखेरीज वाचता न येणाऱ्या सूचना, असा सगळा मी एका खोक्यात भरलेला होतो. खोक्यावर चित्र होतं एका परदेशी गल्लीतल्या फुलांच्या दुकानाचं. तेच मी होणार, अशी माझी समजूत होती.

दिल्लीत, मयूर विहारमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात लुंबिनीने खोका फोडला, चित्राकडे पाहिलं आणि म्हणाली, "गुलाब कोण विकणार, यार!"

संग्रहालयांसाठी प्रतिकृती कशा बनवायच्या, हे शिकवणारी एक संस्था होती. तिथे तिची सोमवारी मुलाखत होती, आणि स्वतःच्या हाताने घडवलेली एक वस्तू सोबत न्यायची होती. तिचे पप्पा, विनय, आर. के. पुरमच्या एका सरकारी कचेरीत अधिकारी. पोरीने स्पर्धा परीक्षेला बसावं, हा त्यांचा हट्ट.

"सोमवारी निवड झाली तर ठीक," ते म्हणाले. "नाही झाली तर मंगळवारपासून क्लास. त्यावर वाद नको."

"पप्पा, तुम्ही मला ऑप्शन देताय की ऑर्डर?"

"दोन्ही."

माझ्या अंगावरचे कंगोरे ती रागारागाने घासत होती. पण चिमटा हातात आला की तिचा हात असा स्थिर व्हायचा की मलाच नवल वाटायचं. तिच्यासमोर एक जुना फोटो ठेवलेला असे. नागपूरला दीक्षाभूमीवर दरवर्षी विजयादशमीला पुस्तकांची दुकानं लागतात, त्यातलं एक तिच्या आजोबांचं, बाबुरावांचं. लुंबिनीच्या जन्माआधीच ते गेले. फोटोत बांबूंवर ताणलेलं निळं कापड, फळ्यांवर पुस्तकं, मागे तसबिरी, आणि कोपऱ्यात दोन वेण्यांची एक मुलगी. खोक्यात माणसं नव्हती, म्हणून लुंबिनीने तिला गाळलं. ती कोण, हे विचारलंही नाही.

खराट्याच्या काड्यांचे बांबू झाले. जुन्या कुर्त्याचं निळं कापड माझ्या डोक्यावर आलं. खडू कोरून तिने पांढरी बुद्धमूर्ती केली. बाबासाहेबांची तसबीर म्हणून त्यांचं टपाल तिकीट लावलं. माझ्या भिंतीवर ते अगदी मापात बसलं. त्या दिवशी मी फुलवाला असल्याचं विसरलो.

त्याच आठवड्यात नागपूरहून पप्पांची थोरली बहीण, कमला आत्या आली. आल्या आल्या माझ्यावर वाकली. "काय करून राहिली व?"

"मॉडेल आहे."

"कशाचं?"

"आत्या, तुला नाही कळणार. फक्त हात लावू नकोस."

आत्या चष्मा पिशवीत टाकून स्वयंपाकघरात गेली. मोठ्या माणसांना चटकन कळत नाही हे खरं. लुंबिनीसारखा माझाही धीर सुटतो. पण त्या क्षणी मला वाटलं, दोन वाक्यं सांगितली असती तर काय बिघडलं असतं?

रविवारी घरी बुद्धवंदना होती. सोसायटीतली चार कुटुंबं पांढरे कपडे घालून येणार होती. लुंबिनी माझ्या दिव्यासाठी सेल आणायला खाली गेली. तेवढ्यात तिच्या आईने, प्रभाने, पाहुण्यांच्या बशा ठेवायला टेबल रिकामं केलं आणि मला उचलून वंदनेच्या चौरंगाशेजारी ठेवलं.

माणसं जमली. उदबत्तीचा वास दरवळला. आत्या चौरंगापुढची मेणबत्ती लावून वळली, तर शेजारी मी. वर निळं कापड, आत पांढरी मूर्ती, मागे बाबासाहेब. चष्मा नव्हताच डोळ्यांवर. पोरीने एवढासा विहार बांधला म्हणून तिचे डोळे भरून आले. तिने हात जोडले आणि एक मेणबत्ती पेटवून, मला जराही धक्का न लावता, माझ्या फळीवर उभी केली.

ज्योत वर चढली, तसं माझं कापड आधी पिवळं पडलं, मग काळं. मला ओरडता येत नाही. समोर सगळ्यांचे डोळे मिटलेले, ओठांवर त्रिशरण. एकाचेही डोळे उघडेनात. डावा बांबू पेटला. ज्योत पहिल्या पुस्तकाकडे वाकली.

दारातून किंकाळी आली. "आत्या! काय केलंस!"

प्रभा तांब्या घेऊन धावली.

"पाणी नको, आई! गोंद सुटेल, सगळं मोडेल!"

पप्पांनी मेणबत्ती ओढून काढली. आत्याने जळतं कापड उघड्या तळहाताने दाबून धरलं. धूर निघाला. वंदना थांबली.

माझं अर्धं छप्पर गेलं होतं. एक बांबू कोळसा झाला होता. आणि कोपऱ्यात वितळलेल्या मेणाचा एक गोळा गच्च बसला होता. खरवडला तर खालचा रंगही निघणार होता.

"उद्या मुलाखत आहे माझी!" पाहुण्यांदेखत लुंबिनी ओरडली. "हात लावू नकोस म्हटलं होतं ना?"

"हात कुठं लावला मी?"

"तुम्ही मोठी माणसं आधी विचारत का नाही?"

"विचारलं होतं व," तळहातावर फुंकर घालत आत्या म्हणाली. "तूच म्हणाली, मला नाही कळणार."

पाहुण्यांनी बशांकडे पाहिलं. लुंबिनीने आत्याच्या तळहाताकडे.

पाहुणे गेल्यावर तिने आत्याच्या हाताला मलम लावलं. मग तिचा चष्मा शोधून आणला, काचा ओढणीला पुसल्या आणि मला तिच्या मांडीवर ठेवलं. "बघ. नीट बघ."

आत्याने बघितलं.

"हे तर बाबांचं दुकान!" ती म्हणाली. मग कपाळाला आठी पडली. "मी कुठं आहे?"

"तू?"

"फोटोत आहे ना मी. कोपऱ्यात. डब्यावर बसून 'घ्या पुस्तकं, घ्या पुस्तकं' ओरडायची. गळा बसायचा पार. बाबा म्हणायचे, कमले, तुझ्या आवाजावर दुकान चालते."

लुंबिनीने फोटो हातात घेतला. दोन वेण्यांच्या त्या मुलीकडे पाहिलं, मग माझ्या कोपऱ्यातल्या मेणाच्या गोळ्याकडे. चिमट्याने तिने त्याला थोडं दाबलं, थोडं ओढलं. काळ्या दोऱ्याच्या दोन वेण्या लावल्या. जळक्या निळ्या कापडाचा तुकडा फ्रॉक म्हणून गुंडाळला. तोवर आत्याने माझ्या छपराला स्वतःच्या जुन्या ब्लाउजचं ठिगळ घातलं. टाके मोठे पडले. लुंबिनीने ते उसवले नाहीत.

सोमवारी मेट्रोत पप्पांनी मला मांडीवर घेतलं होतं. गर्दी वाढली की दोन्ही कोपरं बाहेर काढून ते लोकांना अडवायचे. "भाईसाहब, सँभलके. दुकान है."

संस्थेतल्या बाईंनी मला भिंगाखाली धरलं. "सब इतना साफ़ है, फिर ये जला हुआ क्यों छोड़ा?"

लुंबिनीने त्यांना आजोबांचं दुकान सांगितलं, फोटो सांगितला. बाईंनी मेणाच्या मुलीवर बोट ठेवलं. "और ये?"

"मेरी बुआ. दुकान इन्हीं की आवाज़ पर चलती थी," लुंबिनी म्हणाली. "आग भी इन्होंने ही लगाई."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं आणि बाकीच्यांना हाक मारली. "इधर आइए. ये देखिए."

निवड झाल्याचा फोन आला तेव्हा पप्पा पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच प्रभाला म्हणाले, "क्लासवाल्यांना सांग, पोरीने दुकान टाकलंय." पेपर उलटा धरला होता. मी पाहिलं.

आता मी त्यांच्या कपाटात, स्पर्धा परीक्षेच्या जाडजूड पुस्तकांपुढे बसतो. ऊन लागलं की मेणाची कमला जराशी वाकते. लुंबिनी तिला सरळ करते. खरी आत्या नागपूरहून रोज फोनवर विचारते, "धंदा कसा आहे व?"

तर मला बघायला जरूर या. मोठ्यांनो, चष्मा लावून या. पोरींनो, कुणी विचारलं की हे काय आहे, तर नीट सांगा. "तुला नाही कळणार" म्हणू नका. त्या वाक्याने काय पेटतं ते माझ्या डाव्या बांबूला विचारा. पुस्तकं घ्या, न घ्या. कोपऱ्यातली पोरगी केव्हाची ओरडतेय, तिचं ऐका. फक्त मेणबत्ती घरी ठेवून या.