आठ लाल, एक काळा

ऊईबाईंच्या दिवाणखान्यातला तो टँक पाहिला की ग्वात इमला मळमळायला लागायचं. बत्तीस वर्षं माशांचं दुकान चालवलेली बाई ती. सडकं पाणी, फुगलेले मासे, फिल्टरमधला गाळ, सगळ्यात कोपरापर्यंत हात घातलेले आणि तेच हात धुऊन नूडल खायला बसलेली. पण ऊईंकडची किळस निराळी होती. सहा फुटांची काच. आत सोनेरी मुलामा दिलेली नाणी टाकलेली, ती सगळी हिरवी पडलेली. वरच्या उदबत्त्यांची राख पाण्यावर तरंगत असायची, आणि मागच्या त्यांच्याच बिस्किटांच्या कारखान्यातून डुकराच्या चरबीचा वास येऊन त्या पाण्यालाही चिकटल्यासारखा वाटायचा. आत आठ लाल पॅरट मासे आणि एक काळा गोल्डफिश. फेंगशुईवाल्या चान मास्तरांनीच तसं सांगितलं होतं. लाल मासे भरभराट आणतात, आणि घरावर येणारं अरिष्ट काळा आपल्या अंगावर घेतो. काळा मेला की समजायचं, काहीतरी टळलं.

ताइपिंगच्या चिनी वस्तीत असे टँक गल्लोगल्ली होते. ग्वात इमच्या गिऱ्हाइकांपैकी निम्मी माणसं किती लाल, किती काळे हा मास्तरांचा आकडा घेऊनच दुकानात यायची. तिला त्यात वावगं वाटत नसे. आकडा त्यांचा, जोडी आपली, असा तिचा हिशेब. कुठला मासा कुणाशेजारी नांदेल हे तिला विचारावं, आणि लोक विचारायचेही. ऊईबाईंनी मात्र विचारलं नव्हतं. त्या वेळी दोन्ही घरांत सोयरीक ठरलेली नव्हती, म्हणून ग्वात इमचं तोंडही मोकळं होतं.

"ऊईबाई, ही संगत जमायची नाही," ती म्हणाली होती. "पॅरटला कोमट पाणी लागतं, याला गार. ते आठही दांडगे, आणि हा सुस्त. डोळे एवढे बटबटीत, पण दिसत धड काही नाही याला. खायला मिळणार नाही ते नाहीच, वर डोळे गमावून बसेल."

"पॅरटचं तोंड तर नीट मिटतसुद्धा नाही," ऊईबाई हसल्या होत्या. "ते मेले काय चावणार?"

"उपाशी ठेवा आणि बघा."

हे ती बोलून गेली होती. दुकानदाराच्या फटकळपणाने बोलली आणि विसरलीही.

मग तिच्या लेकीचं, हुई सिनचं, ऊईंच्या बून कियातशी जमलं. मुलगा चौतिसाचा, दिसायला बरा, कारखाना एकुलत्या एकाच्या नावावर होणारा. जमलं खरं, पण पत्रिकेने घोळ घातला. हुई सिन उंदराच्या वर्षातली, बून कियात घोड्याच्या. सहा वर्षांचं अंतर, पाण्याची मुलगी आणि आगीचा मुलगा. देवळातल्या म्हाताऱ्याने कागद पाहिला, चष्मा काढला आणि नुसती मान हलवली. ग्वात इमला चार दिवस अन्न गोड लागलं नाही. लेक अठ्ठाविसाची झालेली, आधीची दोन स्थळं आपोआप विरून गेलेली. आता हेही जाणार, असं तिने धरून ठेवलं होतं.

तर ऊईंकडून निरोप आला, की चान मास्तरांनी कागद पाहिला आणि लग्न लवकरात लवकर उरका म्हणून सांगितलं. ग्वात इम हुरळून गेली. केवढ्या मोठ्या मनाची माणसं! त्या दिवसापासून ती टँकबद्दल मूग गिळून बसली. दर दोन-तीन आठवड्यांनी काळा मरायचा, ऊईबाईंचा फोन यायचा, आणि ती नवा काळा पिशवीत घालून नेऊन द्यायची. मेलेला काढायचं कामही तिच्याकडेच. पहिल्याची शेपटी नव्हती. दुसऱ्याचे दोन्ही डोळे नव्हते. तिसऱ्याचं पोट फाडलेलं होतं, आणि तो काढताना त्याचं काहीतरी मऊ, पांढरं तिच्या बोटाला चिकटलं. ते तिने जाळीच्या काठाला पुसलं आणि ऊईबाईंनी पुढे केलेला चहा प्यायली. चौथाही तिने नेऊन दिला.

शनिवारी साखरपुड्याची ताटं यायची होती. वरपक्षाने फळं, मेणबत्त्या, डुकराचे पाय घेऊन यायचं, मुलीकडच्यांनी त्यातलं थोडं ठेवून बाकीचं परत द्यायचं, की झालं पक्कं. नातलगांत वाटायचे बिस्किटांचे साठ लाल डबे ऊईंनी आधीच दुकानात पाठवून दिले होते. ते गपी माशांच्या टाक्यांशेजारी छताला टेकले होते. आणि मंगळवारी सकाळी फोन.

"विहीणबाई, काळा आता जातोय हं! पडलाय आडवा," ऊईबाईंचा आवाज सणासुदीचा. "शनिवारच्या आत नवा आणून ठेवा."

ग्वात इमने या वेळी ठरवलं, की काळा गोल्डफिश द्यायचा नाही. मागच्या टाकीत तिच्याकडे वीतभर लांबीचा काळाकुट्ट खवल्या मासा होता. सगळा देश ज्याला म्युनिसिपाल्टीचा मासा म्हणतो, काचेला तोंड लावून शेवाळ साफ करणारा. अंगावर चिलखत. पॅरटच काय, मांजरानेही त्याचं काही वाकडं केलं नसतं. काळा तर काळा, पाणी कोमट चालतं, आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. कुणाला न दुखावता गोष्ट मिटत होती. तिने तो बादलीत घेतला. हुई सिनने गाडी काढली.

"आई, तू एवढी खूश का आहेस?"

"संगत जमवली ना मी," ग्वात इम म्हणाली.

ऊईंच्या दारात पोचल्या तेव्हा बून कियात कोचावर बसून डब्यातून बिस्किटं खात होता. ऊईबाईंनी दोघींना ओढूनच टँकपाशी नेलं. चौथा काळा तळाशी कुशीवर पडला होता. एका डोळ्याच्या जागी पांढरं भोक, आणि दुसरा डोळा फिरत होता. कल्ले हलत होते. एक पॅरट सावकाश खाली यायचा, त्याच्या परांचा लचका काढायचा आणि वर जायचा. मग दुसरा यायचा. त्यांची पोटं आत गेलेली होती. ग्वात इमने ती पोटं पाहिली, आणि माशांतला बत्तीस वर्षांचा अनुभव तिला काय सांगतोय ते तिच्या लक्षात आलं.

"यांना खायला कधी घातलंत?"

"आज तिसरा दिवस उपास," ऊईबाई कौतुकाने म्हणाल्या. "शनिवारी कार्य आहे ना. त्याआधी अरिष्ट निघून गेलेलं बरं."

"म्हणजे मुद्दाम?"

"अहो, तुम्हीच तर सांगितलंत! उपाशी ठेवा आणि बघा. आधी आम्ही नुसतं वाट बघत बसायचो. आता कारखान्याची तपासणी असो, ह्यांचा डॉक्टर असो, तीन दिवस आधी दाणा बंद. एकदाही चुकलेलं नाही. तुमच्या हाताला यश आहे बघा."

ग्वात इम आपल्या हातांकडे बघत राहिली. काय करावं सुचेना, तशी तिने यंत्रासारखी बादली पुढे केली.

"मी हा आणलाय. हाही काळाच आहे. या आठांबरोबर दहा वर्षं सुखाने राहील."

ऊईबाईंनी बादलीत डोकावून नाक मुरडलं. "इश्श! हा कसा मरेल?"

"मरणार नाहीच. म्हणून तर आणलाय."

"मग काय कामाचा तो?" ऊईबाई खळखळून हसल्या. "काय तुम्ही पण, विहीणबाई! बरं, राहू दे. आता चार महिने चालवायचं कसंतरी. एकदा हुई सिन घरात आली, की हा व्याप उरायचाच नाही."

हुई सिनने विचारलं, "का बरं उरायचा नाही?"

"अगं, मास्तरांनी सांगितलंय ना! आमचा घोडा म्हणजे नुसती आग. घरात काय काय येतं त्या आगीने. बरोबरीची, जुळणारी मुलगी आणली, तर तिला काही होत नाही आणि घरावरचं तसंच राहतं. समोर उंदीर हवा, भरपूर पाण्याचा. जे येईल ते आधी तिच्या अंगावर. दुखणं म्हणू नकोस, नुकसान म्हणू नकोस, पोरंबाळं उशिरा होणं म्हणू नकोस." त्यांनी हुई सिनच्या गालावरून हात फिरवला. "म्हणून तर पत्रिका जुळत नसताना हो म्हटलं. नाहीतर जुळणाऱ्या, कुत्र्याच्या वर्षातल्या चार सांगून आल्या होत्या. घराच्या उपयोगी पडणारी सून मिळायला भाग्य लागतं."

त्यांच्या चेहऱ्यावर दुष्टपणा औषधाला नव्हता. हेच ग्वात इमला सगळ्यात ओंगळ वाटलं. बाजारातून ताजी भाजी निवडून आणल्यावर बायकांच्या तोंडावर जे समाधान असतं, तेच तिथे होतं. ज्या माणसांना आपण मोठ्या मनाची म्हणत होतो, देवळात ज्यांच्या नावाने नारिंगं वाहिली, ती ही माणसं! तिला शिसारी आली. त्या बाईची, त्या चहाची, त्या चरबीच्या वासाची, स्वतःच्या हुरळून जाण्याची.

हुई सिन बून कियातकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"आईचं असतं काहीतरी," तो म्हणाला. "तू कशाला मनावर घेतेस? आंटी, तुम्ही पण नका घेऊ. काही होत नाही असल्याने."

"होत नाही ना? मग जुळणारी का नाही केलीस?"

"आता मास्तरांनी सांगितल्यावर..." त्याने मांडीवरचा भुगा झटकला. "आणि समजा झालंच थोडंफार काही, तर आम्ही बघू ना तुझ्याकडे. सगळी ट्रीटमेंट करू. पैशाला कमी नाही."

तो हे मनापासून बोलला. वर डबा पुढे करून म्हणाला, "घे ना, आजचीच आहेत."

हुई सिनने बाही वर सारली. टँकशेजारी लटकवलेली जाळी घेतली, दंडापर्यंत हात पाण्यात घातला. आठही पॅरट तिच्या हातावर तुटून पडले. एकाने मनगटाला चावा घेतला, पण तिने हात मागे घेतला नाही. काळा जाळीत आला.

"अगं, अगं, काढू नकोस!" ऊईबाई किंचाळल्या. "जिवंत काढायचा नसतो! त्याच्यावरचं सगळं तुमच्या घरी जाईल!"

"जाऊ दे," हुई सिन म्हणाली. "आमच्याकडे जागा आहे."

तिने काळा बादलीत सोडला. खवल्या मासा थोडा बाजूला सरकला आणि बादलीच्या कडेला चिकटून बसला. ऊईबाई ग्वात इमचा दंड धरून म्हणत होत्या, "विहीणबाई, सांगा हो तिला. शनिवारच्या तोंडावर हे काय?"

ग्वात इमने त्यांची बोटं एकेक करून सोडवली. ती थंड आणि तुपकट लागली.

"ऊईबाई," ती म्हणाली, "शनिवारी येऊ नका."

विहीणबाई म्हटलं नाही, हे त्या बाईला बरोबर कळलं. पाठीमागून जे सुरू झालं ते फाटकापर्यंत ऐकू येत होतं. आयुष्यभर घरात सडेल, उंदराला घोडा मिळत होता तर माज आला, कुजक्या पाण्यातली माणसं, असं बरंच. बून कियातचा आवाज मधे मधे येत होता. तो आईला शांत करत होता. बाहेर तो आला नाही.

दुकानात आल्यावर ग्वात इमने एका घंगाळात गार पाणी घेतलं, मीठ टाकलं, काळ्याला त्यात सोडलं. मग हात धुतले. साबणाने धुतले, लिंबाने धुतले, तरी चरबीचा वास जाईना. तोवर हुई सिन बिस्किटांचे डबे काढून गाडीत भरत होती. चार-चार डबे छातीशी धरून नेत होती, परत येत होती. तिच्या मनगटावर बारीक लाल चंद्रकोर उमटली होती. रडली नव्हती. ग्वात इमला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं.

शेवटचे चार डबे उचलायच्या आधी ती घंगाळापाशी थांबली. काळा कसाबसा सरळ तरंगत होता, एका बाजूला कललेला. नजर त्याच्यावरच ठेवून तिने विचारलं, "आई, पहिलाच मेला तेव्हा तुला कळलं होतं ना, की तिथे हा जगणार नाही?"

"त्याच्याही आधी कळलं होतं."

"मग पुढचे तीन का दिलेस?"

खोटं बोलायला बरीच वाक्यं होती. गिऱ्हाईक आहे, रिवाज आहे, माशाचं काय एवढं. सगळी ग्वात इमच्या तोंडाशी आली, आणि प्रत्येकाला त्या टँकमधल्या पाण्याचा वास होता.

"शनिवार मोडू नये म्हणून," ती म्हणाली.

हुई सिनने मान डोलावली. मग तिने डबे उचलले आणि ती एकटीच गाडी घेऊन ते परत द्यायला गेली. आईला तिने चल म्हटलं नाही.

ग्वात इम घंगाळाशी बसून राहिली. बऱ्याच वेळाने तिने दाण्याचा एक तुकडा ओला करून काळ्याच्या उरलेल्या डोळ्यासमोर धरला. तिची बोटं जवळ येताना दिसताच तो जीव खाऊन पलीकडच्या कडेला पळाला.