मेमरीची राखण

सणसवाडीच्या आमच्या कारखान्याचे मालक आनंदराव यांना एकच विद्या येत होती, ती म्हणजे नजर ठेवणं. कामगारांवर नजर, चहावर नजर, भंगाराच्या ढिगावर नजर. दोन हजार नऊ साली ऑर्डरींचा सगळा कारभार परदेशातल्या भाड्याच्या सर्व्हरवर गेला, तेव्हा हीच विद्या त्यांनी तिथंही लावली.

सर्व्हरची मेमरी भरत आली की जोडीला दुसरा सर्व्हर आपोआप चालू होई आणि भाडं वाढे. मेमरी किती भरली ते दाखवणारं एक पान शिरूरच्या बुशराने बनवलं होतं. आमच्यात कॉम्प्युटरमधलं कळणारी ती एकटीच. पान तिने स्वतःपुरतं बनवलं होतं, पण ते मालकांच्या नजरेला पडलं. ज्वारीवरची पाखरं राखावीत तशी मेमरी राखायची, असा हुकूम सुटला. स्टोअरमध्ये मी, गेटवर हौसराव, शिवाय अकाउंट्स, डिस्पॅच, सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर दिवसभर ते पान उघडं. हौसराव तर आकडा वाढला की काठी आपटायचा. मेमरी घाबरेल अशी त्याची समजूत असावी.

भाडं वाढतच गेलं. बुशराने मालकांना सांगून पाहिलं, की उघडं राहिलेलं प्रत्येक पान सतत सगळी माहिती नव्याने मागतं, मेमरी तेच खातंय. मालकांनी राखणीला आणखी दोन कॉम्प्युटर लावले, आणि दिवाळीपर्यंत भाडं उतरलं नाही तर घरी बसायचं, असं तिलाच बजावलं. तिचे अब्बा अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले, घर तिच्या एकटीच्या पगारावर. मालकांना हे पुरतं ठाऊक होतं.

मग खंडेनवमी आली. यंत्रांची पूजा झाली, कॉम्प्युटरनाही हळदकुंकू लागलं, झेंडूचे हार पडले आणि रीतीप्रमाणे सगळं बंद झालं. त्या दिवशी यंत्राला कोणी हात लावत नाही. गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी मात्र बाहेरून येतच होत्या.

दसऱ्यानंतर कामावर आलो, तर बुशरा मेमरीच्या आलेखाची प्रिंट घेऊन मालकांच्या टेबलापाशी उभी. खंडेनवमीला मेमरी निम्म्यावर आली होती, दुसरा सर्व्हर उठलाच नव्हता. मला मनापासून आनंद झाला. आता तरी या माणसाच्या डोक्यात उजेड पडेल, असं वाटलं.

"आपल्यातलं कुणी बघत नव्हतं म्हणून, साहेब," बुशरा म्हणाली. "ऑर्डरी तर रोजच्याएवढ्याच होत्या."

आनंदरावांनी कागद बराच वेळ न्याहाळला.

"व्हय की. म्हंजी तुमी कामावर नसला की सर्व्हर झकास चालतो," ते म्हणाले. "मग तुमाला पगार कशाचा देऊ?"

दिवाळीचीही वाट पाहिली नाही. त्याच दुपारी ती डबा घेऊन शिरूरच्या एसटीत बसली. तिच्या खुर्चीत हौसराव आला, काठीसकट.

तिची प्रिंट मालकांनी फ्रेम करून ऑफिसातल्या देव्हाऱ्याशेजारी टांगली. भाडं वाढलं की ते तिला हार घालायचे, आणि मग आम्हाला पानं नीट उघडी आहेत ना, ते विचारायचे.