जिन्याच्या विटा

मंगळवार जवळ आला की ललिता डब्यातले पैसे पुन्हा पुन्हा मोजायची. दर पंधरा दिवसांनी गटप्रमुख मनकर्णाबाईच्या पडवीत गटाची बैठक असायची. कर्ज देणाऱ्या कंपनीचा लोकेशसर नऊच्या ठोक्याला मोटारसायकलवर यायचा. पोरगेलासा माणूस, कधी आवाज चढवून बोलला नाही. चटईवर बसायचा आणि दहा बायांची नावं एकेक करून घ्यायचा. एखादीचा हप्ता कमी पडला तर म्हणायचा, "काई घाई नाई बाई. आपण बसू." मग कोणीच उठायचं नाही. चुलीवर भात करपो, की घरी लेकरू रडो. गटाचं कर्ज ते, एकीचं देणं बाकी नऊजणींच्या मानेवर. मागच्या पोळ्याला रीनाचा हप्ता चुकला, तेव्हा याच बाया तिच्या अंगणात दिवस कलेपर्यंत ठाण मांडून बसल्या आणि शेवटी मनकर्णाबाईनं तिचं गॅस सिलेंडर उचलून नेलं. बसलेल्यांत ललिताही होती. रीनानं तिच्याकडं एकदाच पाहिलं होतं, पण ते पाहणं ललिताच्या मनातून जात नव्हतं.

कर्ज काढलं होतं घरासाठी. गाव सिरोंच्याच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर. चार वर्षांपूर्वीच्या पुरात त्यांचं मातीचं घर बसलं. घरकुलाचे पैसे मिळाले, पण नवरा पोचू गवंडी, तो म्हणाला, "पुन्हा तसंच जमिनीसरसं घर नाई बांधाचं. जोतं उंच घेऊ, वरतं स्लॅब टाकू. पाणी आलंच तर वर चढून बसता येईल." ते उंच जोतं आणि तो स्लॅब गटाच्या पैशावर उभा राहिला. जिना तेवढा राहिला. वर जायचं तर शेजारच्या रामाजीची शिडी मागून आणायची.

हप्ते निघावेत म्हणून पोचू नदीपलीकडं तेलंगणात बांधकामावर गेला. महिन्या-दीड महिन्यानं घरी यायचा. इकडं ललिता सकाळी शाळेत खिचडी शिजवायची, दुपारी मशीनवर ब्लाउज शिवायची, संध्याकाळी सासूचे गुडघे शेकायची. सासू राजक्का तेलुगू मुलखातली, सत्तरीची, उभं राहायचं म्हटलं तरी भिंतीचा आधार घ्यायची. नऊ वर्षांची लेक स्वाती तिची काठी होऊन फिरायची.

जूनमध्ये पोचू आला आणि जिन्यासाठी ट्रॅक्टरभर विटा टाकून गेला. म्हणाला, "पुढच्या खेपेले सिमेंट आणतो. चार दिवसात जिना उभा करतो, पाहाय."

त्याच महिन्यात शाळेचं मानधन अडकलं. पोचूच्या ठेकेदारानंही हात वर केले. मंगळवार तीन दिवसांवर आला होता. ललितानं खूप हिशेब करून पाहिला, दोन रात्री डोळा लागला नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिनं त्या विटा विकून टाकल्या. ट्रॅक्टर विटा घेऊन गेला तेव्हा राजक्का ओट्यावर बसली होती.

"पोचूले सांगतलं?" तिनं विचारलं.

"सांगीन न अम्मा."

पण सांगणं झालं नाही. पोचू फोनवर विचारायचा, "विटा झाकून ठेवल्या ना?" आणि ललिता म्हणायची, "हो." एकदा हो म्हटलं की दुसऱ्यांदा नाई म्हणणं जड जातं. आता तिला दोन भीती झाल्या होत्या, एक मंगळवारची आणि एक नवरा घरी येण्याची.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस चार दिवस थांबला नाही. वरच्या धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आला, खालच्या टोल्यावरची, म्हणजे सखल वस्तीतली, घरं पंचायतीनं शाळेत हलवली. शाळा गावातल्या सगळ्यात उंच जागी. सरपंचानं ललिताला बोलावून घेतलं, शंभर माणसांची खिचडी शिजवायची होती.

"तुमचं घर त उंच हाय," तो म्हणाला. "तिकडं काई पाणी येत नाई."

रोजी मिळणार होती. ललिता सासूला आणि पोरीला घरी ठेवून गेली.

दुसरं पातेलं चुलीवर चढवलं होतं, तेव्हा कोणीतरी व्हरांड्यातून ओरडलं, "नाल्यानं उलटं घेतलं रे! नदीचं पाणी मागं येऊन राह्यलं!" ललितानं बाहेर येऊन पाहिलं. शाळा आणि तिचं घर यांच्यामध्ये रस्त्याचा एक खोलगट भाग होता, तिथं सकाळी नुसता चिखल होता. आता तिथून लालसर पाणी आडवं चाललं होतं, आवाज न करता. तिच्या हातातला झारा खाली पडला.

"कुठी चालली, ललिता?" रामाजी ओरडला. तो कालच बायकापोरं घेऊन शाळेत आला होता. "थांब, नाव येऊ दे!"

"अम्मा हाय घरी! पोरगी हाय!"

ती पाण्यात शिरली. मधोमध पाणी कमरेला आलं. पायाखालची डांबरी सडक लागत होती तोवर ठीक होतं, मग एका जागी सडक संपली आणि पाय खाली जातच राहिला. ती काहीतरी ओरडली, काय ते तिचं तिला कळलं नाही. हाताला कुंपणाची तार लागली. तळहात फाटला, पण तार तिनं सोडली नाही. ती धरूनच ती पलीकडं निघाली.

अंगणात कमरेएवढं पाणी होतं. ओट्याच्या शेवटच्या पायरीला ते टेकलं होतं. राजक्का दाराची चौकट धरून उभी होती. "नीळ्ळू, नीळ्ळू," पाणी, पाणी, एवढंच ती पुटपुटत होती. स्वातीनं तांदळाची पिशवी पोटाशी धरली होती. पोरीच्या तोंडावर रडं नव्हतं, रंगच नव्हता.

"चाल अम्मा, शाळेत जाऊ," म्हणत ललिता मागं वळली आणि तिथंच थांबली. जी धरून ती आली ती तारही आता दिसत नव्हती.

राहता राहिला स्लॅब. शिडी रामाजीच्या घरामागं बांधलेली, आणि रामाजीचं घर निम्मं पाण्यात. ललितानं मान वर करून स्लॅबची कड पाहिली. हात उंच केला तरी वीतभर नाही, चांगली दोन हात वर. जिथं जिना व्हायचा होता तिथं पाणी भोवरा घेत होतं. विटा असत्या तर, तिच्या मनात आलं. नुसत्या रचून ठेवल्या असत्या तरी चढता आलं असतं. ती भिंतीला टेकली, आणि ओट्यावर पाणी चढलं.

"मम्मी," स्वाती म्हणाली, "मशीन."

दोघींनी मशीन ओढत ओट्यावर, खिडकीखाली आणलं. लोखंडी पायांचं, जड. त्याच्यावर उभं राहून खिडकीच्या गजात पाय रोवला की छज्जा हाताला येत होता. पोर माकडासारखी चढली. छज्ज्यावरून स्लॅबवर गेली. ललितानं स्वतःचं लुगडं सोडलं, परकरावर उभी राहिली आणि लुगड्याची गुंडाळी वर फेकली.

"त्या सळईले बांध! दोन गाठी मार. अजून एक मार!"

वरचा मजला कधीतरी होईल म्हणून पोचूनं खांबांच्या सळया तशाच उभ्या ठेवल्या होत्या.

"मी नाई येत," राजक्का म्हणाली. "माह्या पायानं नाई होत. तू जाय. पोरगी एकटी हाय वरतं."

"अम्मा, उठा."

"वद्दू, नको. मले इथीच राहू दे."

पाणी आता मांडीला लागत होतं. घरातून भांडी एकमेकांवर आपटल्याचे आवाज येत होते, आणि खाट तरंगत दाराला येऊन धडकत होती. ललिता सासूवर आजवर कधी ओरडली नव्हती. आता ती ओरडली, इतक्या जोरात की तिचा घसा बसला. "तुमच्या लेकाले मी काय सांगू? तेबी तुम्हीच सांगा! चढा!"

म्हातारी रडत रडत मशीनवर गुडघ्यांनी चढली. ललितानं तिची पावलं आपल्या खांद्यावर घेतली आणि गज धरून उभी राहिली. खांद्यावर वजन आलं तेव्हा मशीन हललं. वरून नात लुगडं ओढत होती, "नानम्मा, हात दे, हात दे!" करत होती. एक क्षण राजक्काचे दोन्ही पाय हवेत राहिले. मग खांद्यावरचं वजन गेलं. ती छज्ज्यावर पालथी पडली होती, आणि तिथून वर जायला तिघींना आणखी कितीतरी वेळ लागला. ललिता शेवटी चढली तेव्हा पायाखालचं मशीन कलंडलं आणि बुडालं.

वर तिघी एकमेकींना धरून बसल्या. रामाजीच्या घराची मागची भिंत धप्पदिशी पाण्यात बसली, त्याच्याबरोबर छप्पर गेलं. दर थोड्या वेळानं ललिता कडेपर्यंत सरपटत जाऊन खाली पाही. खिडकीचे खालचे तीन गज दिसत नव्हते. मग चार. तिनं पोरीला सांगितलं नाही. राजक्का तेलुगूत देवाची नावं घेत होती. मधेच थांबून ती म्हणाली, "भिंत हलून राह्यली का गं?" भिंत हलत नव्हती, ललिताच थरथरत होती.

दुपार टळल्यावर मासेमारी करणारा गोपाल नाव घेऊन आला. पाणी तेव्हा छज्ज्याच्या हातभर खाली थांबलं होतं. नावेत उतरताना ललिताला आपण परकरावर आहोत हे पहिल्यांदा जाणवलं. गोपालनं न पाहता आपला टॉवेल पुढं केला.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. घर उभं होतं, आत मांडीभर गाळ. मशीन उलटं सापडलं, चाक वाकलेलं. मंगळवारी लोकेशसर आला तो चिखलातून पायी. बैठक शाळेच्या व्हरांड्यातच भरली. ललिताच्या तळहाताला फडकं बांधलेलं होतं, ते ती सारखी उलगडत होती, पुन्हा बांधत होती. तिचं नाव आलं.

"माह्याजवळ नाई," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "या खेपेले नाई, सर. पुढच्याबी नाई."

लोकेशसर म्हणाला, "मग आपण बसू, बाई."

मनकर्णाबाईचं घर पार गेलं होतं, ती सहा दिवसांपासून त्याच व्हरांड्यात झोपत होती. ती म्हणाली, "बसा न सर. आम्ही त इथंच राह्यतो. खिचडी होईन थोड्या वेळात, तुमीबी खाजा." दोन-तीन बाया हसल्या. लोकेशसरनं खालमानेनं कुठंतरी फोन लावला, बराच वेळ बोलला आणि दोन महिन्यांची मुदत लिहून दिली. व्याज मात्र सोडलं नाही.

पोचू आला तो नवव्या दिवशी, लांबच्या रस्त्यानं, दोन गाड्या बदलून. आधी त्यानं पोरीला उचललं, आईच्या पायाला हात लावला. मग घराभोवती फिरला. भिंती ठोकून पाहिल्या. जिन्याच्या जागी येऊन थांबला.

"विटाबी नेल्या न पाण्यानं," तो म्हणाला.

ललिताच्या ओठावर हो आलं होतं. किती सोपं होतं. नदीनं गावातलं एवढं नेलं, तिच्या नावावर आणखी एक ट्रॅक्टर विटा कोण मोजणार? तिनं सासूकडं पाहिलं. राजक्का तांदूळ वाळवत होती, तिनं मान वर केली नाही.

"पाण्यानं नाई नेल्या," ललिता म्हणाली. "मी इकल्या. हप्त्यासाठी. पूर यायच्या आधी."

पोचू तिच्याकडं वळला. तिला वाटलं आता हात उचलेल. त्यानं कधी उचलला नव्हता, पण तिला वाटलं. तो ओट्यावर जाऊन बसला, गाळात पाय सोडून. जेवायला बोलावलं तर आला नाही. तीही जेवली नाही.

संध्याकाळी तो आत आला. "मले काऊन नाई सांगतलं?"

"भेव वाटला."

"माहा?"

"सगळ्याचाच. त्या बायांचा, त्या सरचा, तुमचा. कोणाचा किती, ते कळतच नोहतं."

"त्या ठेकेदारानं माहेबी दोन महिन्याचे पैसे बुडवले," पोचू भिंतीकडं पाहत म्हणाला. "तुले एकाच महिन्याचं सांगतलं होतं."

ती त्याच्याकडं पाहत राहिली. मग तिनं त्याचं ताट वाढलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं रामाजीचं घर उभारायला हात लावला. मजुरीच्या बदल्यात पडक्या भिंतीच्या निम्म्या विटा घेतल्या. जिना झाला, पायऱ्या लहानमोठ्या. गटाचं कर्ज दिवाळीनंतर फिटलं, ठरल्यापेक्षा चार महिने उशिरा, आणि त्यासाठी राजक्काच्या कानातलं गेलं. तिनं ते आपणहून काढून दिलं. ललिता नको नको म्हणाली, तर म्हातारी तिच्यावर ओरडली, घसा बसेपर्यंत.